तळाचं डिझेल

१

मंगळवारी सकाळी सरपंचांच्या टेबलावर पाण्याची एक जुनी बाटली उभी होती. ती गावच्या रुग्णवाहिकेच्या टाकीतून भरून आणली होती. म्हणजे तिच्यात डिझेल असायला हवं होतं, आणि खोलीभर तर पेट्रोलचा भपकारा सुटला होता.

सुलक्षणाबाई आल्या होत्या पेन्शनच्या कागदासाठी. आपण जिवंत आहोत हे दर नोव्हेंबरात सरकारला कळवावं लागे, त्यावर सरपंचांची सही लागे, आणि सरपंच हैबतराव सही करण्याआधी बाईंना वरपासून खालपर्यंत असे न्याहाळत, की खरंच शंका असावी. बाईंना या माणसाचा वीट आला होता. तसा त्यांना गावातल्या बऱ्याच जणांचा वीट आला होता. घोटावड्याच्या अलीकडच्या या गावात तेहेतीस वर्षं विज्ञान शिकवल्यावर कोणाच्या डोक्यात काय शिरलं नाही हे त्यांना तोंडपाठ होतं.

"काय झालंय?" त्यांनी नाकाला पदर लावत विचारलं.

"काल सकाळी गंगूबाईच्या छातीत कळ आली," हैबतराव म्हणाले. "बुद्धभूषण गाडी घिऊन निगाला. माण गावाच्या पुढं गाडीनं आचके दिले आन बंद पडली ती पडलीच. म्हातारी आत घामानं थबथबलेली. शेवटी आयटीवाल्यांची एक बस थांबली, तिच्यातनं न्हेली. वाचली, पर कशीबशी. गॅरेजवाल्या बहिरूनं टाकी उपसली तर त्यात पेट्रोल. इंजिनाचा पंप कामातनं गेला."

बुद्धभूषण कोपऱ्यात उभा होता. आठ वर्षं तो ती गाडी चालवत होता. एक खुर्ची रिकामी होती, पण त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. दुसऱ्या खुर्चीत पाय पसरून बसला होता उपसरपंच रोहित. बापाची जमीन विकून त्याने एक फार्महाऊस, एक भली मोठी पांढरी गाडी आणि डोक्यावर चढवायचा काळा चष्मा एवढं कमावलं होतं. चष्मा डोळ्यांवर आलेला कोणी पाहिला नव्हता.

"साधी गोष्ट हाय बाई," रोहित म्हणाला. "रविवारी आमच्या वडलांची, आबांची एकसष्टी. म्या वीस लिटर डिझेल गाडीला दान दिलं. पंपावर भरताना फोटो हाय, टाकीत वतताना फोटो हाय, गावच्या ग्रुपवर समद्यांनी बघितलाय. चावी ह्येच्याकडं. रात्रीतनं ह्येनं डिझेल काढून इकलं आन पेट्रोल वतलं."

"पेट्रोल महाग की डिझेल?" बाईंनी विचारलं.

"पेट्रोल."

"म्हणजे हा चोर स्वस्त माल चोरतो आणि महाग माल भरून ठेवतो. असा चोर प्रत्येक गावाला मिळो."

"त्ये पेट्रोल पन चोरीचं आसंल," रोहितने हात झटकला. "शुक्रवारी मीटिंग हाय. ह्येला काढायचा ठराव तितंच होतोय, आन तितनं थेट पोलिसात तक्रार. मानूस मरता मरता वाचलंय, बाई."

"म्या काय केलं न्हाई, बाई," बुद्धभूषण हळूच म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. या मुलाच्या डोळ्याला डोळा देणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. त्याचं कारण त्यांना माहीत होतं आणि ते त्या स्वतःशीही काढत नसत.

"टाकीत पेट्रोल होतं तर गाडी माणपर्यंत गेली कशी?" त्यांनी विचारलं.

"सोप्पं हाय की. पेट्रोल हलकं, ते वर ऱ्हातं. डिझेल जड, ते तळाला बसतं. तळाचं डिझेल माणपातूर पुरलं, मग वरचं पेट्रोल आलं."

हैबतरावांनी मान डोलावली. दारातल्या दोघातिघांनीही डोलावली. बाईंनी नोकरीत पुष्कळ अगाध उत्तरं ऐकली होती, पण एवढ्या ठाम आवाजातलं हे पहिलंच. त्यांनी पेन्शनचा कागद घडी करून पर्समध्ये परत ठेवला.

"हैबतराव, सही शुक्रवारी करा. तोवर मी मरत नाही."

बाहेर पडताना त्यांनी पाहिलं, एवढा मोठा उपसरपंच बायकोच्या स्कूटरवर बसून निघाला होता. स्कूटर खोकत होती, आणि तिच्या मागे पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की पायरीवरचं कुत्रंसुद्धा उठून गेलं.

२

बहिरूचं गॅरेज उरवड्याच्या फाट्यावर होतं. बाई दुपारी तिथे पोचल्या तेव्हा तो तोंडात विडी धरून रुग्णवाहिकेखाली पडला होता.

"विडी विझव आणि बाहेर ये," बाई म्हणाल्या. "पेट्रोल पेटतं म्हणजे नेमकं काय पेटतं, हे तुला आठवीत सांगितलं होतं. त्याची वाफ पेटते. डिझेलवर काडी टाकलीस तर बहुधा काडीच विझेल. पण पेट्रोलची वाफ चार हातांवरून विस्तव शोधत येते."

बहिरूने निमूट विडी विझवली. बाईंना त्याच्यावरही शंका होती. पंप बिघडला की काम त्याच्याकडेच येणार, आणि त्याच्या गॅरेजात पेट्रोलला तोटा नव्हता.

"माज्यावर नगा घिऊ बाई," तो कपाळ पुसत म्हणाला. "ह्यो पंप माज्याच्यानं हुतच न्हाई. पुण्यालाच धाडावा लागनार. डिझेलला तेलकटपना आसतुया, त्याच्यावर पंपाचं वंगण भागतं. पेट्रोल आलं की आतलं लोखंड लोखंडाला घासतं. मला त्यात काय मिळनार? नुसता ताप."

हे मात्र त्याचं खरं होतं. बाईंना थोडं आश्चर्यच वाटलं.

"टाकी उपसलीस तेव्हा वरचं पेट्रोल वेगळं निघालं, तळाचं डिझेल वेगळं?"

"कुटलं वो. तीन कॅन भरले. पयला हुंगा न्हाईतर शेवटचा हुंगा, समदं येकच."

एवढ्यात फाट्यावर धूर दिसला, आणि धुरातून वृषाली निघाली, रोहितची बायको. नवऱ्याने दुपारी परत केलेली स्कूटर ती शेवटची पन्नास पावलं ढकलत आणत होती.

"बहिरूभाऊ, ह्या स्कूटरचं काय ते बघा. रविवारपासून असंच. सकाळी तर सुरूच होत नाही."

"पेट्रोल कुठे भरलं होतंस?" बाईंनी विचारलं.

"मी नाही भरलं बाई. ह्यांनी घरीच भरलं, कॅनमधून. पंपावर कशाला जातीस, म्हणाले, आपल्याकडं हाय." वृषाली हसली. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या गाडीत काही भरलं ह्यांनी. मला वाटलं, एकसष्टीचा परिणाम असेल."

"आणि त्यांची पांढरी गाडी कुठे आहे?"

"बुधवारपासून फार्महाऊसवर होती. बिघडलीय म्हणत होते. कालपासून चालते, पण बाहेर काढत नाहीत."

बाईंनी पर्समधून बसचं जुनं तिकीट काढलं. बहिरूला स्कूटरच्या टाकीतून थेंबभर काढायला सांगितलं आणि तो थेंब तिकिटावर टाकला. शेजारी, बहिरूच्या बाटलीतल्या शुद्ध पेट्रोलचा दुसरा थेंब टाकला. दोन मिनिटांत दुसरा थेंब उडून गेला, कागद कोरडा. पहिल्या थेंबाच्या जागी मात्र तळणीच्या कागदावर उठतो तसा तेलकट डाग राहिला. पाच मिनिटांनीही तो हलला नाही.

म्हणजे डिझेलच्या गाडीत पेट्रोल, आणि पेट्रोलच्या स्कूटरमध्ये डिझेल. दोन्ही एकाच रविवारी. बाईंनी ते तिकीट जपून पर्समध्ये ठेवलं.

३

पिरंगुटच्या रस्त्यावरच्या पंपावर अपेक्षा दिवसपाळीला होती. बुद्धभूषणच्या आळीतलीच पोरगी. बाईंच्या हाताखालची शेवटची तुकडी तिची. वर्गात ती प्रश्न संपायच्या आत हात वर करायची. ती खोड अजून गेली नव्हती.

"रविवारी रोहितच्या कॅनमध्ये काय भरलंस?"

"डिझेल, बाई. वीस लिटर. फोटोत दिसतंय की. नोझल डिझेलचं हाय."

"रंग पाहिलास?"

"फिकट पिवळा. पेट्रोल लालसर आसतंय, रंग घातलेलं. ते मी चुकन व्हय बाई? त्या दिवशी न्हाई चुकले." तिने ओठ पुसले. "आन रोहितदादांची गाडी तर गेल्या सगळ्या आठवड्यात पंपावर आलीच न्हाई."

बाईंनी कॅनचं विचारलं होतं. गाडीचा विषय त्यांनी काढलाच नव्हता.

"त्या दिवशी नाही चुकलीस," त्या म्हणाल्या. "मग कोणत्या दिवशी?"

अपेक्षाच्या हातातलं नोझल खाली गेलं. मागे एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. "बाई, माझी नोकरी जाईल," ती म्हणाली, आणि टेम्पोकडे वळली. परत तिने बाईंकडे पाहिलं नाही.

"शुक्रवारी अकराला मीटिंग आहे," बाई तिच्या पाठीला म्हणाल्या. "तुझी नोकरी जाईल की राहील ते मला ठाऊक नाही. तू गप्प बसलीस तर बुद्धभूषणची जाईल, आणि त्याच्यावर पोलिसकेस होईल, हे मात्र ठाऊक आहे."

४

बुद्धभूषण त्या संध्याकाळी घराच्या ओट्यावर बसला होता. बायको गौतमी आतून म्हणाली, "बाईंना च्या ठेवू का?" आणि उत्तराची वाट न पाहता तिने ठेवलाच.

"टाकीत ओतताना तुला वास आला नाही?" बाईंनी विचारलं.

"म्या कुटं जवळ व्हतो. दादानं सोताच वतलं. म्या धा फूट लांब, हातात त्यांचाच फोन. पाच येळा फोटो काढाया लावला. येकदा चष्मा नीट दिसना, येकदा आबांचा फ्लेक्स अर्धाच आला."

"गाडीत आधी किती डिझेल होतं?"

"अर्धी टाकी आसंल. म्हनून तर दम काढला गाडीनं." त्याने मान खाली घातली. "गंगूबाई माझा हात धरून व्हती, बाई. म्हनत व्हती, भूषण, चालव की रं. आन गाडी चालंना. आता गावात लोक म्हनत्यात, म्हातारीला मारायला निगाला व्हता. पोरगी शाळेत जाईना झालीय."

गौतमीने चहा आणून ठेवला. बाईंनी तो घेतला.

"दादा डिझेल-पेट्रोलच्या थरांचं बोलत व्हते, तवाच मला नववीतलं आठवलं," बुद्धभूषण म्हणाला. "त्ये तोटीचं नरसाळं..."

"ते नंतर," बाई घाईने म्हणाल्या आणि उठल्या. "तुझ्याकडे स्वच्छ रिकाम्या बरण्या आहेत का? काचेच्या. दोन."

त्या संध्याकाळी बाईंनी एका बरणीत निम्मं पेट्रोल आणि निम्मं डिझेल ओतलं, झाकण घट्ट लावलं, आणि हैबतरावांकडून ती ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलपात ठेववली. किल्ली हैबतरावांच्याच करगोट्याला राहिली. हे कशासाठी, ते सरपंचांना समजलं नाही. बाईंनी समजावलंही नाही. एवढं मोठं काम त्यांना झेपलं नसतं.

५

शुक्रवारी खोली गच्च भरली होती. रोहित मधल्या खुर्चीत बसला होता, ठरावाचा कागद टाइप होऊन आला होता. गंगूबाईचा मुलगा गेणबा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. सही करायला सगळ्यांनाच घाई होती.

"पाच मिनिटं," बाई म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या बरणीत पाणी आणि थोडं डिझेल ओतून खळखळा हलवलं आणि टेबलावर ठेवलं. लोक बघेपर्यंत डिझेल वर आलं, पाणी खाली राहिलं. मधली रेघ मागच्या माणसालाही दिसत होती. "ह्या दोघांचं जमत नाही. म्हणून वेगळे बसतात. आता कपाट उघडा, हैबतराव."

मंगळवारची बरणी बाहेर आली. उजेडात धरली. रेघ नव्हती. वरपासून खालपर्यंत एकच फिकट नारिंगी रंग. बाईंनी औषधाच्या ड्रॉपरने वरचा थेंब घेतला, मग बुडाला ड्रॉपर नेऊन तळाचा घेतला, आणि ठरावाच्याच कागदावर शेजारी शेजारी टाकले. दोन्हींचा वास एक, दोन्हींचा डाग एक.

"पेट्रोल हलकं आहे, खरं आहे. पण ती दोघं एकाच जातीची तेलं. एकदा मिसळली की दुधात साखर विरघळावी तशी एक होतात. ठेवून वेगळी होत नाहीत. टाकीतलं वरचं आणि तळाचं असं काही नसतं. तुमचे उपसरपंच..."

"आसं कसं न्हाई होत?" रोहित मध्येच म्हणाला. लोकांसमोर चूक दाखवलेली त्याला शाळेतही सोसत नसे. "तीन दिवसांत काय होनार, बाई? चार दिस तरी हलवायचं न्हाई. आन बरनीत न्हाई जमत, त्याला पिंप पायजे, खाली तोटी पायजे. मंग तोटीतनं बराबर डिझेल येतं."

हैबतराव हळूहळू रोहितकडे वळले.

"कुणी ठेवलं होतं चार दिवस?" बाईंनी विचारलं.

रोहितचा हात डोक्यावरच्या चष्म्याकडे गेला.

"मीच सांगते," दारातून आवाज आला. अपेक्षा पंपाच्या गणवेशातच आली होती. "बुधवारी दादा त्या पांढऱ्या गाडीतनं आले. फोनवर व्हते. तीस लिटर टाक म्हनाले. मी पेट्रोलच्या मशिनीवर व्हते, म्या पेट्रोल टाकलं. गाडी डिझेलची, ते मला उशिरा कळलं. दादांनी ट्रॅक्टर लावून गाडी न्हेली. म्हनाले, तोंड उघडलंस तर नोकरी घालवीन."

मग बाईंनी उरलेलं सांगितलं, वर्गात सांगत तसं, घाई न करता. गाडी गॅरेजात नेली असती तर गावात हसं झालं असतं, म्हणून रोहितने टाकी फार्महाऊसवर पिंपात उपसली. बुधवार ते रविवार, चार दिवस पिंप निवळत ठेवलं. चौथ्या दिवशी वरचं ते पेट्रोल समजून बायकोच्या स्कूटरमध्ये ओतलं, आणि तोटीतून आलेलं डिझेल समजून रुग्णवाहिकेला दान केलं. पंपावर फोटो काढून घेतलेलं खरं डिझेल स्वतःच्या गाडीत गेलं. टाकाऊ माल गावाला, चांगला घरात, वर फ्लेक्स. बाईंनी तेलकट डागाचं बसतिकीट टेबलावर ठेवलं. मागच्या रांगेत वृषाली उभी होती. तिने ते पाहिलं आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की तो तिच्याकडे परत वळलाच नाही.

"मग त्ये येगळं करायचंच कसं?" बहिरूने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"उकळून. पेट्रोलची वाफ थोड्या आचेवर आधी सुटते, डिझेलला फार जास्त आच लागते. सुटेल तशी वाफ वेगळी धरून थंड करायची. ऊर्ध्वपातन म्हणतात त्याला. कारखान्यात त्यासाठी उंच मनोरे असतात, आणि तिथे माणसं शिकून आलेली असतात. फार्महाऊसवर कोणी करायला गेलं तर आधी तो वेगळा होईल, पेट्रोल नंतर."

"म्या मुद्दाम न्हाई केलं, बाई," रोहित पुटपुटला.

"ते मला माहीत आहे. मुद्दाम करायला अक्कल लागते. पण सोमवारी गाडी बंद पडल्याबरोबर तुला कळलं होतं ते पेट्रोल कुठून आलं. आणि मंगळवारी इथे बसून तू ह्याचं नाव घेतलंस. तेवढं मुद्दाम होतं."

गेणबा भिंतीपासून सुटला, टेबलाशी आला. "तक्रार करायची ठरलीय ना सरपंच?" तो म्हणाला. "करायचीच. फकस्त नाव बदला."

हैबतरावांनी डाग पडलेला ठराव उचलला, दोन तुकडे केले आणि ग्रामसेवकाकडे कोरा कागद मागितला. रोहित म्हणाला, "काका, आबांचा तरी इचार करा." हैबतरावांनी पेनाचं टोपण काढलं. "बुद्धभूषण, बस त्या खुर्चीत," ते म्हणाले. "आन तू सोमवारपास्नं सांग, म्या लिवतो."

६

बाई पेन्शनचा कागद घेऊन बाहेर आल्या. सरपंचांनी या वेळी त्यांच्याकडे न बघताच सही केली होती. बऱ्याच वेळाने बुद्धभूषण जबाब देऊन पायरी उतरला. बाई अजून तिथेच उभ्या होत्या.

"नरसाळ्याचं सांगनार व्हतो," तो म्हणाला. "नववीत रॉकेल आन पानी येगळं करायचा प्रयोग. तोटी उघडली की खालचं पानी येतं, वर रॉकेल ऱ्हातं. रोहितच्या डोक्यात त्येच बसलंय. त्याची प्रयोगवही म्याच लिवली व्हती, बाई. शेवटची ओळ पन लिवली व्हती. ही रीत एकमेकांत न मिसळणाऱ्या द्रवांनाच लागू. त्यानं वाचली न्हाई."

"नाही वाचली," बाई म्हणाल्या.

"तुमाला म्हाईत व्हतं? वही कुनाची ते?"

बाईंना दोन वह्या आठवल्या. एकच अक्षर, एकच तिरपा 'र'. हेडमास्तर म्हणाले होते की शाळेला जागा रोहितच्या आजोबांनी दिली आहे, आणि बाईंनी लाल पेन उचललं होतं. रोहितच्या वहीला वीसपैकी वीस. आणि दोन्ही वह्या सारख्या दिसू नयेत म्हणून दुसरीला कमी.

"हो," त्या म्हणाल्या. "माहीत होतं. मी घाबरले होते."

तेहेतीस वर्षं त्या या गावाला नावं ठेवत आल्या होत्या. न वाचता वीस मिळतात हे त्या पोराला कोणी शिकवलं, ते आज भर सभेत त्यांनी सांगितलं नव्हतं. या वेळी त्यांनी नजर वळवली नाही.

बुद्धभूषणने मोटरसायकल स्टँडवरून काढली. "चौदा दिलं व्हतं मला तुमी," तो म्हणाला. त्याने किक मारली, आणि बाई मागे बसेपर्यंत गाडी चालू ठेवून थांबून राहिला.